"तुम्हाला याची गरज नाही" हे सांगायला परवडलं पाहिजे: दाताच्या दवाखान्यातल्या बोटॉक्सचा हिशेब



व्हिडिओत आकडे पटपट पुढे गेले, म्हणून हा लेखी धडा. वही-पेन घेऊन बसा, कारण मध्ये दोन ठिकाणी बेरीज-वजाबाकी आहे.

मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हा: "सर, माझ्याकडे ग्राहक आहेत, ओळख आहे, जागा आहे. आता त्याच ग्राहकाला अजून काय विकू?" प्रश्न बरोबर आहे. नवा ग्राहक मिळवण्यापेक्षा जुन्याला दुसरी वस्तू देणं सोपं, हे सगळेच सांगतात. पण त्या दुसऱ्या वस्तूने पहिला धंदा बिघडू शकतो, हे फारसं कुणी सांगत नाही.

आजचं उदाहरण आहे इंग्लंडमधल्या डेंटिस्टचं. तिथे बरेच दाताचे डॉक्टर आता चेहऱ्यावरच्या सुरकुत्यांसाठी बोटॉक्स आणि फिलरची इंजेक्शनं देतात. वरून बघितलं तर जुन्या ग्राहकाला नवी सेवा देण्याचं याहून सोपं उदाहरण नाही. आत शिरलं की एकेक काटा दिसायला लागतो. तुमचं दुकान किराण्याचं असो की ब्युटी पार्लर, हे काटे तुमच्याही वाटेवर आहेत.

आधी वस्तू समजून घ्या

बोटॉक्स हे मूळचं सौंदर्याचं औषध नाही. स्नायू तात्पुरता सैल करणारं ते प्रथिन आहे. अमेरिकेत १९८९ मध्ये त्याला मान्यता मिळाली ती तिरळेपणा आणि पापण्यांच्या आकडीसाठी. कॅनडात व्हँकुव्हरला जीन कॅरुथर्स नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टर हे औषध वापरत होत्या. एका पेशंटने कपाळावर पण द्या म्हणून आग्रह धरला, कारण इंजेक्शन घेतलं की चेहऱ्यावरचा ताण जातो, असं तिचं म्हणणं. जीन यांचे पती अलेस्टर त्वचारोगतज्ज्ञ. दोघांनी मिळून प्रयोग केले आणि १९९२ मध्ये त्यावर लेख छापला. भुवयांमधल्या आठ्यांसाठी अमेरिकेत औपचारिक मान्यता आली २००२ मध्ये. म्हणजे या एवढ्या मोठ्या बाजाराची सुरुवात एका पेशंटचं बोलणं लक्ष देऊन ऐकण्यातून झाली. ही पहिली नोंद वहीत करा.

परिणाम दिसायला काही दिवस लागतात, आणि साधारण तीन-चार महिन्यांत तो ओसरतो. म्हणजे ग्राहक परत येतो. फिलर वेगळा. तो जेलसारखा पदार्थ असतो, ओठ किंवा गालाला भर देतो आणि बोटॉक्सपेक्षा जास्त टिकतो.

डेंटिस्टच का?

चार कारणं बघा.

१. हात तयार आहे. डेंटिस्ट रोज भुलीची इंजेक्शनं देतो. चेहऱ्याच्या नसा, स्नायू, रक्तवाहिन्या त्याने अभ्यासलेल्या असतात.

२. जागा तयार आहे. खुर्ची, दिवा, निर्जंतुक साहित्य, फ्रिज, संमतीचा फॉर्म, सगळं आहे.

३. ग्राहक परत येतो. दात तपासायला ठराविक काळाने माणूस येतोच. वेगळी जाहिरात करून त्याला बोलवावं लागत नाही.

४. उत्पन्नाला दुसरा पाय हवा आहे. इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवेतलं दाताचं काम २००६ पासून ठरलेल्या युनिटांच्या करारावर चालतं. कितीही राबलं तरी त्या कामाची रक्कम करारापुरतीच. म्हणून डॉक्टर खासगी कामाकडे बघतात.

यात दातांशी थेट नातं असलेला भागही आहे. झोपेत दात करकरा खाणाऱ्यांच्या जबड्याच्या स्नायूत, किंवा हसताना हिरड्या फार दिसतात त्यांच्या ओठाजवळ काही डॉक्टर बोटॉक्स देतात. आजचा धडा मात्र सुरकुत्यांच्या इंजेक्शनाचा आहे.

चारही कारणं खरी आहेत. पण ती "जमेल का" याचं उत्तर देतात. "परवडेल का" आणि "करावं का" हे वेगळे प्रश्न आहेत. चला, हिशेब मांडू.

हिशेब पहिला: परवाना

ब्रिटनमध्ये बोटॉक्स हे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय न मिळणारं औषध आहे. डेंटिस्टला ती चिठ्ठी लिहिण्याचा अधिकार आहे, पण जनरल डेंटल कौन्सिलचा नियम असा की सौंदर्याच्या इंजेक्शनासाठी पेशंटला समोर बघूनच चिठ्ठी लिहायची. फोनवर किंवा व्हिडिओ कॉलवर चालत नाही. वेगळं प्रशिक्षण हवं. विमा कंपनीला कळवायला हवं, कारण दातांच्या कामाचा विमा कपाळावरच्या इंजेक्शनाला लागू होईलच असं नाही. आणि १ ऑक्टोबर २०२१ पासून इंग्लंडमध्ये १८ वर्षांखालच्या मुलामुलींना सौंदर्यासाठी बोटॉक्स किंवा फिलर देणं हा गुन्हा आहे. वय तपासण्याची जबाबदारी धंदेवाल्याची.

तुमच्यासाठी धडा: "मला येतं" आणि "मला परवानगी आहे" या दोन वेगळ्या रांगा आहेत. घरी उत्तम लोणचं करणाऱ्या ताईंना ते विकायला अन्न परवाना किंवा नोंदणी लागतेच ना? तसंच.

हिशेब दुसरा: कुपी

आता मजा बघा. सुरकुत्यांसाठीची बोटॉक्सची छोटी कुपी ५० युनिटची येते. भुवयांमधल्या आठ्यांसाठी मान्य डोस २० युनिट. लगेच आपलं डोकं चालतं: एका कुपीत अडीच पेशंट! पण कुपीसोबतच्या पत्रकात लिहिलेलं असतं की एक कुपी एकाच पेशंटला, एकाच बैठकीत. उरलेलं टाकून द्यायचं. म्हणजे २० युनिट वापरले आणि ३० कचऱ्यात गेले. पैसे मात्र ५० चे.

धंद्यात नवे लोक इथेच फसतात. वापरलेल्या मालाचा खर्च धरतात, फोडलेल्या मालाचा धरत नाहीत. केकवाल्याने क्रीमचा एक लिटरचा डबा उघडला, पाव लिटर वापरलं, बाकीचं खराब झालं, तर त्या केकला खर्च एक लिटरचाच लागला.

खालचे आकडे समजण्यासाठी घेतलेत, बाजारभाव म्हणून धरू नका. दहा महिन्यांचं नाही, पूर्ण वर्षाचं चित्र धरू. मानू या की एका जागेच्या इंजेक्शनाची फी २०० पौंड.

- कुपी: ८० पौंड
- सुई, हातमोजे वगैरे: ७ पौंड
- खुर्चीचा वेळ: पहिली भेट ३० मिनिटं आणि दोन आठवड्यांनी तपासणी १५ मिनिटं, एकूण ४५. खुर्ची, भाडं, नर्स, वीज मिळून तासाला १२० पौंड धरले तर ९० पौंड
- प्रशिक्षण आणि विमा: वर्षाला ३००० पौंड. महिन्याला १० जणांना इंजेक्शन दिलं तर वर्षाला १२०, म्हणजे प्रत्येकी २५ पौंड

बेरीज करा: २०२ पौंड. फी २००. दोन पौंड तोटा! आणि यात डॉक्टरची स्वतःची मजुरी धरलेलीच नाही.

आता कुणी म्हणेल, बुधवारी दुपारी खुर्ची रिकामीच असते, भाडं तर जातंच. बरोबर. रिकाम्या वेळेत हे काम केलं तर ते ९० पौंड नाहीतरी जाणारच होते. मग २०० मधून ८०, ७ आणि २५ वजा करा. ८८ पौंड भाड्याला हातभार लागला. पण तेच काम शनिवारी सकाळी, दाढदुखीचा पेशंट बाहेर ताटकळत असताना केलं, तर तोटा. सेवा तीच, डॉक्टर तोच, फक्त वेळ बदलली. म्हणून नवी सेवा आधी रिकाम्या तासांत बसवा.

हिशेब तिसरा: मोह

तोटा दिसला की माणूस काय करतो? जास्त विकतो. डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्यांचा मान्य डोस २४ युनिट. आठ्यांचे २० आणि हे २४, मिळून ४४. कुपी जवळजवळ संपली. दोन जागांची फी २८० पौंड घेतली, वेळही तेवढाच लागला असं धरलं, तर खर्च तोच २०२ आणि हातात ७८ उरले.

कागदावर छान दिसतं. पण आता खुर्चीवरच्या माणसाचा विचार करा. ती बाई फक्त आठ्यांबद्दल विचारायला आली होती. डॉक्टरला माहीत आहे की एक जागा केली तर दोन पौंड तोटा, दोन केल्या तर ७८ फायदा. तिने विचारलं, "डॉक्टर, डोळ्यांच्या कडेला पण हवं का हो?" या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर "नाही, गरज नाही" असं असेल, तर ते तोंडातून निघेल?

आजच्या धड्यातलं हे वाक्य अधोरेखित करा: दर असा ठेवा की ग्राहकाला "तुम्हाला याची गरज नाही" असं सांगूनही तुमचं नुकसान होणार नाही. दर चुकला की आधी नफा जातो आणि त्याच्या मागोमाग जीभ बिघडते. आपण वाईट माणूस असतो म्हणून नाही. हिशेबच आपल्याला रोज तिकडे ढकलत असतो.

म्हणजे या डॉक्टरने काय करावं? एका जागेचा दर वाढवावा, किंवा ती सेवा फक्त रिकाम्या तासांत द्यावी, किंवा सरळ देऊच नये. तिन्ही चालतील. तोट्याचा दर लावून "वर काहीतरी विकून भरून काढू" हे चालणार नाही.

मी हे पुस्तकातून नाही शिकलो. माझं स्टेशनरीचं दुकान आहे. शाळेचे पालक रोजचे ग्राहक. एका वर्षी मी पाणी शुद्ध करायची १२ यंत्रं रोख पैसे देऊन उचलली, कारण "पालक ओळखीचेच आहेत, घेतील." माल पडून राहिला की जीभ सुटते. पालक दोनरेघी वही मागायचे आणि मी पाण्याबद्दल बोलायचो. चार यंत्रं गेली. पण त्याच वर्षी काही पालक वह्यासुद्धा समोरच्या दुकानातून घ्यायला लागले. भांडण नाही, तक्रार नाही. येणं बंद. नंतर एका काकूंनी सांगितलं, "अरे, तुझ्याकडे आलं की काहीतरी गळ्यात पडेल असं वाटायचं." आठ यंत्रांचं नुकसान मी मोजलं होतं. हे नुकसान कुठल्याच वहीत नव्हतं.

दाताच्या खुर्चीत तर हे अजून नाजूक. माणूस आडवा झालेला, तोंड उघडं, समोर डॉक्टर. अशा वेळी डॉक्टर म्हणाले, "कपाळावर जरा आठ्या दिसतात हं," तर तो सल्ला की विक्री? पेशंटला फरक कळत नाही, आणि उद्या डॉक्टरने रूट कॅनाल सांगितलं की त्याला शंका येते: हेही विकतायत का? दातांवरचा विश्वास ही या डॉक्टरची खरी पुंजी. तिच्यावरच नव्या सेवेचं कर्ज काढलेलं असतं. म्हणून साधा नियम ठेवावा: विषय पेशंटने काढायचा, आणि बोलणं दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या भेटीत, पेशंट सरळ बसलेला असताना.

हिशेब चौथा: कर

ब्रिटनमध्ये दातांचे उपचार व्हॅटमुक्त आहेत. सौंदर्यासाठी दिलेलं बोटॉक्स व्हॅटमुक्त नाही, त्याला २० टक्के. कोणत्याही सलग १२ महिन्यांत करपात्र विक्री ९०,००० पौंडांच्या वर गेली की नोंदणी करावी लागते. एप्रिल २०२४ आधी ही मर्यादा ८५,००० होती. दातांची फी यात मोजत नाहीत, फक्त करपात्र विक्री मोजतात.

आपला २८० चा दर घ्या. साधारण ३२२ भेटींना मर्यादा ओलांडली जाते. धंदा वाढला म्हणून प्रशिक्षण-विम्याचा वाटा २५ वरून ९ पौंडांवर आला, खर्च १८६, उरले ९४. डॉक्टर खूश. आणि त्याच टप्प्यावर नोंदणी आली. ग्राहकाला दर तोच ठेवला तर २८० मधले जवळजवळ ४७ पौंड कराचे. उरले ४७. बरोब्बर निम्मे! खरेदीवर भरलेला काही कर परत मिळू शकतो, तो इथे बाजूला ठेवलाय. पण मुद्दा लक्षात आला ना? वाढ हीसुद्धा आधी मोजायची गोष्ट आहे.

आपल्याकडे हा काटा अजून टोकदार आहे. जीएसटीतही आरोग्यसेवा करमुक्त आहे, पण जन्मजात व्यंग, अपघात वगैरेंसाठी नसलेलं सौंदर्याचं काम त्या सवलतीत बसत नाही. आणि आपल्या नोंदणीच्या मर्यादेत करमुक्त उलाढालसुद्धा मोजतात. महाराष्ट्रात सेवेसाठी ही मर्यादा २० लाख. समजा एका डेंटिस्टची दातांची उलाढाल २४ लाख आहे. फक्त करमुक्त काम आहे तोवर नोंदणी नाही. त्याने एक लाखाचं करपात्र सौंदर्यकाम सुरू केलं की एकूण २५ लाख झाले, नोंदणी आली. कर एका लाखावरच, पण विवरणपत्रं, सीएची फी, कागदपत्रं सगळं मागे लागलं.

ताज्या भाजीवाल्यालाही हेच. वर्षाला ४५ लाखांची ताजी भाजी विकणाऱ्याने कोपऱ्यात मसाल्याची पाकिटं ठेवली, तर मालासाठीची ४० लाखांची मर्यादा भाजीसकट मोजली जाते. नवी वस्तू ठेवण्याआधी सीएला एक फोन करा. पाच मिनिटांचं काम आहे.

आणि हो, आपल्याकडे डेंटिस्टने चेहऱ्यावर कोणती कामं करावीत यावर दंतवैद्य आणि त्वचारोगतज्ज्ञ यांच्यात वाद आहे. आपल्या व्हिडिओ बघणाऱ्यांत डेंटिस्ट असतील तर त्यांनी आपल्या परिषदेकडून लेखी उत्तर घेतल्याशिवाय खर्च करू नये. "सगळेच करतात" हा परवाना नसतो.

हिशेब पाचवा: जाहिरात आणि गडबड

ब्रिटनमध्ये चिठ्ठीवरच्या औषधाची लोकांसमोर जाहिरात करता येत नाही. म्हणजे दवाखान्याच्या इन्स्टाग्रामवर "बोटॉक्स ऑफर" टाकली तर नियमभंग. २०२० च्या जानेवारीत तिथल्या जाहिरात आणि औषध नियामकांनी याबद्दल खास इशारा काढला आणि अशा पोस्ट शोधायला तंत्रज्ञान लावलं. सल्ल्याची भेट कळवता येते, औषध नाही. ज्या मालाची जाहिरातच करता येत नाही, तो ओळखीवरच चालणार. पुन्हा विश्वासावरच आलो बघा.

आणि काही बिनसलं तर? बोटॉक्सनंतर कधीकधी पापणी खाली येते. त्यावर वाट बघणं हाच मुख्य इलाज, काही आठवडे जातात. फिलर चुकून रक्तवाहिनीत गेला किंवा तिच्यावर दाब आला तर त्वचेचा तो भाग मरू शकतो, क्वचित दृष्टीही जाऊ शकते. हायलुरॉनिक आम्लाचा फिलर विरघळवणारं औषध असतं, पण ते त्या क्षणी कपाटात असायला हवं, आणि वापरायची तयारी हवी. हा खर्चही वर मांडलेल्या यादीत नव्हता. नवी सेवा सुरू करताना "उत्तम झालं तर किती मिळेल" सगळे मोजतात. "बिघडलं तर रात्री दहाला फोन कोण उचलेल" हेही मोजा.

गृहपाठ

तुम्हाला जी नवी वस्तू किंवा सेवा सुरू करायची आहे, ती वहीत वर लिहा आणि खाली ही सहा उत्तरं भरा:

१. हे करायची मला लेखी परवानगी आहे का?
२. वापरलेल्या नाही, फोडलेल्या मालाचा खर्च किती?
३. माझे रिकामे तास कोणते? भरलेल्या तासात केलं तर काय उरतं?
४. करपात्र आहे का? माझी मर्यादा कशी मोजली जाते?
५. बिघडलं तर काय करायचं, आणि कुणी?
६. ग्राहकाला "गरज नाही" सांगितलं तर माझं किती नुकसान होतं?

सहाव्याचं उत्तर शून्य किंवा शून्याच्या जवळ यायला हवं. ते मोठं येत असेल तर वस्तू वाईट असेलच असं नाही, पण दर किंवा साठा चुकलाय. तो दुरुस्त करा, मग सुरू करा.

तुमची वही भरून झाली की फोटो काढून कमेंटमध्ये टाका. आकडे लपवले तरी चालेल, सहावं उत्तर मात्र लिहा. पुढच्या व्हिडिओत त्यातल्या तीन वह्या घेऊन आपण एकत्र हिशेब करू.

भेटू या!